शेंड्याला हात लावण्याआधी बुंधा उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर समुद्राजवळ आहे, थंडी बेताची, उन्हाळाही सौम्य, पण पावसाची रिपरिप वर्षातले सात-आठ महिने चालते. अंगणात तीन झाडं आहेत: खिडकीपासून सहा-सात मीटरवर एक जुना मेपल, कुंपणाच्या कडेला एक सीडर आणि तीन वर्षांपूर्वी तुम्ही स्वतः लावलेली चेरी. मेपलच्या खोडावर हिरवं शेवाळ आणि राखाडी दगडफूल चढलंय. दोन वर्षांपासून त्याची एका बाजूची पानं बारीक आणि विरळ येताहेत. गेल्या पानगळीत बुंध्याशी अळंबीचे झुबके उगवले. सीडर आतल्या बाजूने तपकिरी पडतोय. झाडं छाटणाऱ्या एका माणसाने सांगितलं की वादळांचे दिवस सुरू होण्याआधी मेपलचा वरचा एक तृतीयांश भाग उडवा आणि शेवाळावर औषध फवारा. हे करावं का, असं तुम्ही विचारलंय.

शेंडा उडवू नका आणि शेवाळावर काही फवारू नका. ही दोन उत्तरं झाड न बघताही देता येतात. बाकीचं बरंचसं बघितल्याशिवाय ठरत नाही, आणि ते कशावर अवलंबून आहे तेही खाली लिहिते. पण तुमच्या प्रश्नात एक वाक्य जाता जाता येऊन गेलंय आणि मी तिथेच थांबले. दोन वर्षांपूर्वी हिरवळ सपाट करून घेतली, तेव्हा मेपलभोवती थोडी माती टाकली आणि शेजारून फरसबंदीची पायवाट केली, असं तुम्ही म्हणता. पानं बारीक व्हायला लागली तीही तेव्हापासूनच. मला वाटतं तुमची खरी अडचण जमिनीखाली आहे. त्या मेपलच्या मुळांना हवा मिळेनाशी झाली आहे.

शेतीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना वाफसा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असते, तेव्हा मूळ काम करतं. मुळालाही श्वास घ्यावा लागतो. त्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की हवा बाहेर जाते, आणि पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट कमी असतो. म्हणजे वर मोकळी हवा असली तरी ती मुळापर्यंत वेळेत पोचतच नाही. कोरड्या हवेच्या भागात एक पाऊस पडून गेला की चार दिवसांत माती वाफशावर येते आणि मूळ सावरतं. तुमच्याकडे पुढचा पाऊस त्याआधीच येतो. म्हणून ज्या चुका इतरत्र झाड पचवतं, त्या अशा पावसाळी किनाऱ्यावर त्याला महागात पडतात.

झाडाची मुळं उंचीइतकीच खोल जातात असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात मोठ्या झाडाचीही बहुतेक मुळं वरच्या 45 ते 60 सेंटिमीटर मातीतच असतात. खोल जाण्याऐवजी ती आडवी पसरतात, झाडाच्या पर्णभाराच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंतसुद्धा. अन्नपाणी ओढणारी केसासारखी मुळं तर अगदी वरच्या थरात असतात, कारण हवा तिथेच असते. या थरावर तुम्ही पंधरा सेंटिमीटर माती आणून टाकली, ती पसरायला यंत्र फिरवलं आणि वर फरश्या बसवल्या, तर झाडाच्या दृष्टीने एका आठवड्यात जमीन पंधरा सेंटिमीटर खोल गेली आणि वरून झाकण बसलं. मोठं झाड यावर लगेच तक्रार करत नाही. साठवलेल्या अन्नावर ते एक-दोन वर्षं काढतं. मग पानं लहान होतात, शेंड्याकडच्या काड्या वाळतात, आणि तोवर माती टाकल्याचं घरातले सगळे विसरलेले असतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण चांगली माणसंही इथे फसतात. हिवाळ्यात पाण्यात बुडून मेलेल्या मुळांचा हिशेब झाड उन्हाळ्यात देतं. कोरडे पाच-सहा आठवडे आले की पानांना पाणी लागतं आणि ते ओढायला मुळं उरलेली नसतात. पानं कडेने करपतात, झाड तहानलेलं दिसतं, म्हणून माणूस रोज नळी लावतो. तुम्हीही गेल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पाणी दिल्याचं लिहिलंय. तुमचा हेतू चांगला होता, पण आधीच गुदमरलेल्या मातीला त्याने आराम मिळाला नाही.

मुळांना हवेची किती गरज असते याचं माझ्या धंद्यात सांगितलं जाणारं सर्वांत मोठं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. 15-16 ऑक्टोबर 1987 च्या रात्री दक्षिण इंग्लंडवर मोठं वादळ आलं. झाडांवर पानं अजून होती, जमीन पावसाने भिजलेली होती, आणि एका रात्रीत सुमारे दीड कोटी झाडं पडली. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात टर्नर्स ओक नावाचं जवळपास दोनशे वर्षांचं झाड होतं. ते आधीपासून खंगत चाललं होतं. वाऱ्याने ते मुळांच्या चकतीसकट वर उचललं आणि परत त्याच जागी बसवलं. बागेत पडलेली झाडं उचलायचीच इतकी होती की याला टेकू देऊन ठेवलं आणि त्याचं काय करायचं ते नंतरवर टाकलं. तीनेक वर्षांनी बघतात तर झाडाने नवी जोमदार वाढ धरलेली. वर्षानुवर्षं पाहुण्यांच्या पायांनी त्याच्याखालची माती दाबून घट्ट झाली होती आणि वादळाच्या त्या हिसक्याने ती मोकळी झाली. त्यानंतर क्यूमध्ये जुन्या झाडांभोवतीची माती दाबाखालच्या हवेने मोकळी करायला सुरुवात झाली. मी जेव्हा एखाद्या घरी जाते आणि मालक वर शेंड्याकडे बोट दाखवतो, तेव्हा मला हा ओक आठवतो आणि मी आधी खाली बसते.

तुम्हीही तेच करा. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की मेपलच्या बुंध्याशी गुडघे टेकून बसा. निरोगी झाडाचं खोड जमिनीत शिरताना हत्तीच्या पायासारखं रुंदावतं आणि तिथून जाड मुळं बाजूंना निघताना दिसतात. खोड विजेच्या खांबासारखं सरळ मातीत शिरत असेल, तर बुंधा गाडला गेला आहे असं समजा. कुदळ किंवा फावडं घेऊ नका. खुरप्याने आणि शेवटी हातानेच, खोडापासून बाहेरच्या बाजूला माती ओढत जा. रुंदावलेला भाग लागेपर्यंत उकरा. किती सेंटिमीटर खाली लागला ते मोजून ठेवा.

उकरताना वास घ्या. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास असतो. गुदमरलेल्या मातीला आंबूस, कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि ती करडी-निळसर दिसते. मग गाडलेल्या भागाची साल बघा. एका जागी नखाने किंवा बोथट सुरीने अगदी हलकं खरवडा. खाली हिरवट किंवा मलईसारखा ओलसर थर दिसला तर ती बाजू जिवंत आहे. तपकिरी आणि चिकट दिसला, साल बोटाने दाबल्यावर सुटून आली, तर तिथलं काम बिघडलं आहे. सुटलेल्या सालीखाली पांढरा, कागदासारखा पातळ पापुद्रा दिसला आणि त्याला अळंबीचा दाट वास आला तर तिथेच थांबा, त्याबद्दल पुढे लिहिते. आणखी एक गोष्ट शोधा: एखादं मूळ बाहेर जाण्याऐवजी खोडाला विळखा घालून फिरतंय का. गाडलेल्या बुंध्यावर अशी मुळं हटकून सापडतात, आणि जसजसं खोड जाड होतं तसतशी ती स्वतःच्याच झाडाचा गळा आवळतात.

काही वर्षांपूर्वी मी असाच एक मेपल उघडला होता. खोडाभोवती दगडांची कड बांधून फुलझाडांचा गोल वाफा केलेला, दिसायला फार सुरेख. रुंदावलेला भाग वीस सेंटिमीटर खाली लागला. एका बाजूची साल तळहाताएवढ्या जागेत ओली आणि काळी पडली होती, आणि अंगठ्याएवढं जाड एक मूळ अर्ध्या खोडाला वेढून बसलं होतं. ते मूळ दोन ठिकाणी छिन्नीने तोडून काढलं, माती मूळच्या पातळीपर्यंत उतरवली, दगड हलवले. पहिल्या वर्षी काहीच फरक दिसला नाही. तिसऱ्या वर्षी पानं पूर्वीच्या आकाराची आली. त्याच रस्त्यावरचा दुसरा मेपल मी उघडला तेव्हा मात्र बुंध्याची पाऊण साल मेलेली होती, आणि तो काढायलाच सांगावं लागलं. वरून दोन्ही झाडं सारखीच विरळ दिसत होती. न उघडता मी दोन्हींचं भविष्य चुकीचं सांगितलं असतं.

तुमच्या झाडाचा बुंधा गाडलेला निघाला तर माती फक्त खोडापुरती वाटीसारखी काढून चालत नाही, त्या वाटीत पाणी साचतं. टाकलेली माती शक्य तितक्या लांबपर्यंत मूळच्या पातळीला उतरवा. किती लांब याचं एक ढोबळ माप आहे: छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि त्याची बारा पट करा. खोड 50 सेंटिमीटर जाड असेल तर खोडापासून 6 मीटरचं वर्तुळ हा झाडाचा सांभाळायचा भाग. तुमची फरसबंदी आणि हिरवळ दोन्ही त्यातच येतात. वर्तुळातल्या फरश्या काढून तिथे फांद्यांचा जाडाभरडा चुरा पसरला तरी पायवाट होते आणि हवापाणी खाली जातं. चुरा 5 ते 10 सेंटिमीटर जाड असू द्या, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकवून रचलेला ढीग म्हणजे बुंधा पुन्हा गाडणंच झालं. ताजा चुरा मातीतला नत्र खातो अशी भीती घातली जाते. तो मातीत मिसळला तर हे काही अंशी खरं आहे. वर पसरून ठेवलेल्या चुऱ्याचा परिणाम पृष्ठभागापुरताच राहतो. गांडुळं तो हळूहळू खाली नेतात आणि त्यांच्या बिळांतून हवा जाते. माती फारच दाबली गेली असेल तर दाबाखालच्या हवेने ती मोकळी करून देणारे लोक असतात, तो खर्च सार्थकी लागतो. मातीत खणकाम करायचं तर माती वाफशावर असतानाच. ओल्या चिकणमातीवर यंत्र काय, रोजची येरझारसुद्धा नुकसान करते.

अजून एक बघा, जे तुम्ही लिहिलेलं नाही: छपराचं पाणी कुठे पडतं? पन्हळीचा नळ मेपलच्या बाजूला सोडलेला असेल तर अख्ख्या छपरावरचा पाऊस तुम्ही त्याच मातीत ओतताय. तो नळ वळवणं हा सगळ्यांत सोपा उपचार आहे.

माती मुळात कशी आहे यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, आणि ते तुम्हाला घरच्या घरी कळेल. झाडापासून लांब, पण त्याच जमिनीत 30 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते पाणी जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा सावकाश उतरलं तर निचरा वाईट आहे. रेताड किनाऱ्यावर हा प्रश्न नसतो, तिथे उलट उन्हाळ्यात पाणी टिकत नाही. चिकणमातीवर किंवा बांधकामाच्या भरावावर घर असेल तर या सगळ्या लिहिण्याचं वजन दुप्पट समजा.

आता अळंबी. इथे मी तुम्हाला ठाम उत्तर देणार नाही, कारण अळंबी अनेक प्रकारची असते आणि त्यातल्या बऱ्याच नुसता मेलेला पालापाचोळा खातात. हिरवळीत विखुरलेल्या, नाजूक, दोन दिवसांत विरघळणाऱ्या छत्र्या असतील तर काळजी नाही. पानगळीच्या दिवसांत बुंध्यातून किंवा मुळांच्या रेषेवरून मधाच्या रंगाचे दाट झुबके येत असतील, देठावर कडं असेल, सालीखाली तो पांढरा पापुद्रा असेल आणि मातीत बुटाच्या नाडीसारखे काळे दोर सापडत असतील, तर ती आर्मिलारिया, म्हणजे मध-बुरशी असण्याची शक्यता मोठी. ती जिवंत मुळं कुजवते आणि तिच्यावर फवारायचं औषध नाही. बुंधा कोरडा आणि हवेशीर ठेवला तर जोमदार झाड तिला बराच काळ रोखून धरतं. तिसरी शक्यता म्हणजे बुंध्याला चिकटलेल्या, लाकडासारख्या कडक, कोनाड्यासारख्या बुरशा. त्या दिसल्या तर आतलं लाकूड कुजतंय असं धरून चाला आणि झाडांची तपासणी करणाऱ्या जाणकाराला बोलवा. ते लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकतात, गरज पडली तर यंत्राने आतली पोकळी मोजतात. पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड असं समीकरण नाही. भोवतीची भिंत जाड आणि सलग असेल तर पोकळ खोड वर्षानुवर्षं उभं राहतं.

बुंध्याच्या सालीवर गडद, ओले, तेलकट डाग दिसले आणि त्यातून लालसर-काळं पाणी झिरपत असेल तर फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगकारक जातीची शंका घ्यायची. संत्र्या-मोसंबीला डिंक्या रोग लावते, त्याच कुळातली ही. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे साचलेलं पाणी तिला लागतंच. यातली एक जात 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या ओल्या किनारी जंगलांत ओकची झाडं मोठ्या संख्येने मारू लागली, आणि दुसरी एक जात बुटांना आणि गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून एका सीडरकडून दुसऱ्याकडे पोचते. म्हणून मी एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाताना बूट घासून धुते, खुरपं आणि करवत पुसून घेते. तुमच्याकडे येणाऱ्या माणसालाही हे करायला सांगा. यात संकोच करू नका.

शेवाळ आणि दगडफूल यांच्याबद्दल थोडक्यात. दोन्ही झाडाचं काही खात नाहीत, सालीला नुसती चिकटून राहतात, आणि दमट हवा त्यांना मानवते. झाडाचा पर्णभार विरळ झाला की फांद्यांवर उजेड पोचतो आणि दगडफूल वाढतं. ते झाडाच्या अशक्तपणाची खूण असू शकतं, कारण नव्हे. तारेच्या ब्रशने घासलंत तर साल जखमी होईल, फवारलंत तर औषध खालच्या मातीत उतरेल. वेलींचं मात्र वेगळं आहे. आयव्हीसारखी सदाहरित वेल खोडावर चढली असेल तर ती बुंध्याशी तोडा. ती बुंध्याचे दोष झाकते, आणि हिवाळ्यात झाड निष्पर्ण असताना वाऱ्याला अडवायला पानांचं शीड तयार ठेवते.

शेंड्याकडे येते. तो माणूस म्हणतो त्यात एक गोष्ट खरी आहे: झाड बुटकं केलं की त्या वर्षी वाऱ्याचा जोर कमी बसतो. पण पुढचं तो सांगत नाही. पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. तुमच्या मेपलची मुळं आधीच उपाशी आहेत, आणि तुम्ही त्यांच्या अन्नाचा तिसरा हिस्सा एका दिवसात काढून घेणार. कापलेल्या टोकांखालून मग पानसोटांचा, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या सरळ फुटव्यांचा, झुबका फुटतो. हे पानसोट लाकडाच्या वरवरच्या थरातूनच फुटलेले असतात, त्यांचा पाया खोल रुजलेला नसतो. तीन-चार वर्षांत ते जुन्या उंचीला पोचतात, आणि तोवर खालची उघडी टोकं पावसाचं पाणी पिऊन कुजलेली असतात. मग जाड, जड फांद्या कुजक्या टोकांवर डुलत राहतात, तुमच्या खिडकीच्या वर.

मी या कामात आले तेव्हा फांदी खोडाला सपाट घासून कापायची आणि वर रंग लावायचा, असंच शिकले आणि तसंच केलं. अ‍ॅलेक्स शिगो यांनी अमेरिकेच्या वनसेवेत असताना हजारो झाडं करवतीने उभी-आडवी चिरून बघितली आणि 1977 मध्ये मांडलं की झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारतं आणि त्याच्या बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कडी असते तिथे ही भिंत सगळ्यात पक्की उभी राहते. ती कडी कापून टाकली की दार उघडं राहतं. मी जुन्या पद्धतीने कापलेली काही झाडं दहा-बारा वर्षांनी परत बघितली, आणि प्रत्येक सपाट जखमेच्या जागी ढोली होती. तेव्हापासून मी ती कडी सोडूनच कापते आणि रंग लावत नाही. जड फांदी असेल तर आधी लांबवर खालून अर्धवट चीर, मग थोडं पुढे वरून पूर्ण काप, आणि शेवटी उरलेला खुंट कडीच्या बाहेरून, म्हणजे वजनाने साल फाटत खाली येत नाही.

तुमच्या मेपलमधून या वर्षी फक्त वाळलेल्या आणि मोडक्या फांद्या काढा. एखादी लांब फांदी छपरावर आलीच असेल तर ती तिच्याच एका बाजूच्या फांदीपर्यंत मागे घ्या, आणि ती बाजूची फांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असू द्या, म्हणजे रस पुढे वाहता राहील. धडधाकट झाडातूनही एका मोसमात चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त पालवी मी काढत नाही. अशक्त झाडाची हिरवी पालवी शक्यतो काढतच नाही.

मग वादळाचं काय, ही तुमची भीती रास्त आहे. घराजवळचं झाड पडतं का हे बघताना मी चार गोष्टी तपासते. झाड लहानपणापासून कललेलं असेल तर त्याचा शेंडा पुन्हा सरळ वळलेला असतो आणि बुंधा त्या बेताने जाड झालेला असतो, ते सहसा धोक्याचं नसतं. अलीकडे कललेलं झाड मात्र ओंडक्यासारखं सरळ तिरकं दिसतं, आणि कलाच्या उलट बाजूला जमिनीत भेगा किंवा उंचवटा दिसतो. दुसरं, खोड दोन सारख्या जाडीच्या भागांत विभागलेलं असेल तर त्यांचा सांधा बघा. सांध्यावर साल वर उचललेली असेल तर तो मजबूत आहे. साल आत दुमडून गेली असेल, तर दोन्ही भाग एकमेकांना ढकलत असतात आणि तिथेच झाड चिरतं. तिसरं, शेजारची मोठी झाडं गेल्या काही वर्षांत तोडली का. घोळक्यात वाढलेलं झाड वाऱ्याला सरावलेलं नसतं, एकदम एकटं पडलं तर पहिले काही हिवाळे त्याला जड जातात. चौथं, बुंध्याजवळ जाड मुळं कापली गेली का, आणि इथे तुमच्या पायवाटेचं खोदकाम आठवा. फरश्यांखालची खडी बसवायला किती खोल खणलं आणि खणताना मनगटाएवढी मुळं तुटली का, हे काम करणाऱ्याला विचारा. तुटली असतील तर हिवाळ्याची वाट न बघता जाणकाराला बोलवा.

सीडरची बहुधा काळजी नाही. पानगळीच्या सुमाराला आतली, जुनी पालवी तपकिरी होऊन झडणं हा त्याचा स्वभाव आहे. टोकांकडची पालवी हिरवी आहे ना एवढं बघा. टोकंच करपत असतील आणि तीही फक्त समुद्राकडच्या बाजूने, तर ते खाऱ्या वाऱ्याचं काम, पुढच्या पालवीत भरून येतं. शेंड्यापासून खाली सगळीच पालवी फिकी पडत असेल तर पुन्हा मुळांकडे या. आणि सीडर कधीही जुन्या, पानं नसलेल्या लाकडापर्यंत कापू नका. तिथून तो परत फुटत नाही, तपकिरी भोकं कायमची राहतात.

चेरीबद्दल तुम्ही हिवाळ्यात छाटू का असं विचारलंय. अशा हवेत नको. पानांवर चंदेरी छटा आणणाऱ्या बुरशीचे बीजाणू ओल्या, थंड दिवसांत उडतात आणि ताज्या जखमेतून शिरतात, आणि डिंक वाहवणारा जिवाणूही ओल्या दिवसांतच पसरतो. चेरी उन्हाळ्यात, पुढे काही दिवस कोरडे दिसत असताना छाटा. तिची आधाराची काठी तीन वर्षं तशीच असेल तर आज सोडा. बांधलेला पट्टा सालीत रुतला असेल, आणि खोडाला वाऱ्यात हलू दिल्याशिवाय ते बुंध्याशी जाड होत नाही. तिच्याभोवती मीटरभराचं वर्तुळ गवतापासून मोकळं ठेवा, गवत कापायच्या यंत्राचा दोर लहान झाडांची साल सहज सोलतो. अजून एखादा उन्हाळा कोरड्या आठवड्यांत तिला आठवड्यातून एकदाच, पण 30-40 लिटर सावकाश मुरवून पाणी द्या. बोट घालून माती ओली लागली तर तो आठवडा सोडा.

पुढच्या झाडासाठी एवढंच: खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याएवढाच खोल. तळाशी खडी घालू नका, पाणी खडीत उतरण्याआधी वरच्या मातीतच तुंबून राहतं. निचरा वाईट असेल तर उंचवट्यावर लावा.

क्रम असा ठेवा. आधी पन्हळीचं पाणी आणि रोजची नळी बंद. मग उघडीप मिळताच बुंधा उघडणं आणि जमिनीतल्या भेगा बघणं. भेगा असतील तर बाकी सगळं सोडून त्याच दिवशी तपासणीला माणूस बोलवा, आणि तोवर त्या बाजूच्या खोलीत रात्री कुणाला झोपवू नका. भेगा नसतील तर माती उतरवणं आणि चुरा पसरणं या मोसमात, फरश्या काढणं पुढच्या कोरड्या मोसमात. पानांकडे दर आठवड्याला बघत बसू नका, झाडाचं उत्तर यायला दोन-तीन वर्षं लागतात. त्याऐवजी दर उन्हाळ्यात एकाच फांदीची त्या वर्षीची नवी वाढ मोजून लिहून ठेवा. ती आखूड होत गेली की लांब, हे सगळ्यात आधी तिथे कळेल.

बुंधा उघडलात की मला तीन गोष्टी लिहा: रुंदावलेला भाग किती सेंटिमीटर खाली लागला, खरवडल्यावर सालीखाली कोणता रंग दिसला, आणि पायवाटेसाठी किती खोल खणलं होतं. फरसबंदीचा किती भाग काढावा लागेल ते त्यावरून सांगते.